आमचे नवरेही जुळे

कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलताना पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बोलून मी मोकळी व्हायचे. एसटीत शेजारी बसलेली बाई असो, लग्नाच्या पंगतीत समोर आलेली कुणाची तरी लांबची आत्या असो, नाहीतर शाळा तपासायला आलेले साहेब असोत. आधी सांगायचं, की मी जुळी आहे आणि माझी बहीण हुबेहूब माझ्यासारखी दिसते. समोरच्याने कौतुकाने "हो का?" म्हटलं की जरा थांबायचं आणि मग हळूच सोडायचं, "आणि आमचे नवरेही जुळे आहेत." त्यानंतर त्यांचं जे तोंड व्हायचं ते बघायला मला फार आवडायचं. बहीण म्हणायची, हे सांगितल्याशिवाय हिला जेवण पचत नाही. खोटं नव्हतं ते.

हेच वाक्य एका डॉक्टरांसमोर बोलायची वेळ आली तेव्हा मी तोंड मिटून बसले. त्या एका दिवसापुरतं नव्हे, पुढे अकरा दिवस. हे मी आजवर फक्त एका माणसाला सांगितलं आहे, आणि त्या माणसाला ते आधीच माहीत होतं.

आमच्या नवऱ्यांचं रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ गॅरेज आहे. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. खलाशी काम सांगतात एका भावाला आणि उशीर झाला की शिव्या देतात दुसऱ्याला. दोघेही मुकाट ऐकून घेतात, कारण आपण नव्हे तो, हे समजावण्यात जास्त वेळ जातो. घर एकच, चूल एकच. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, बहीण पडवीत मशीन टाकून ब्लाउज शिवते. माझे ब्लाउज ती माझं माप न घेता शिवायची. स्वतःच्या अंगाला लावून बघायचं आणि टाके घालायचे.

लग्न एकाच मांडवात झालं. भटजींनी आदल्या दिवशीच हात जोडले होते, "मुली ओळखू येतील असं काहीतरी करा हो, माझ्या हातून भलतंच व्हायचं." म्हणून तिला हिरवा शालू आणि मला लाल. सासूबाई आम्हाला माझ्या चष्म्यावरून ओळखतात. आंघोळ करून चष्म्याशिवाय बाहेर आले की अजूनही विचारतात, "तू कुठली गो?"

माझी मुलगी आधी झाली. त्या बाळंतपणात माझं रक्त थांबेना. डॉक्टर बाहेर येऊन बाटली लागेल म्हणाले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बहिणीने बाही वर केली होती, असं नवऱ्याने मला नंतर सांगितलं. मी काय म्हणावं? "माझंच रक्त मला परत दिलं, त्यात कसले उपकार?" सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर मला दुसरं मूल होऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. तिला तीन वर्षांनी मुलगा झाला आणि तिचंही तिथेच थांबलं. माझी मुलगी तिला मावशी म्हणते. तिचा मुलगा मला काकू म्हणतो, कारण घरच्या मुलाने काकूच म्हटलं पाहिजे असा सासूबाईंचा हट्ट. मुलीला भाऊ नाही, मुलाला बहीण नाही, म्हणून भाऊबीजेला ती त्याला ओवाळते आणि वर्षभर दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटतात.

शाळेत नववीला आनुवंशिकता आली की मी आमचंच उदाहरण द्यायचे. फळ्यावर चार वर्तुळं काढायची. दोन लाल खडूने, या आम्ही बहिणी. दोन निळ्या खडूने, हे आमचे नवरे. जुळ्या बहिणींचा आनुवंशिक ऐवज एकच, जुळ्या भावांचा एकच. म्हणजे माझ्या मुलीला जे लाल आणि निळं मिळालं, ते ज्या दोन डब्यांतून आलं, त्याच डब्यांतून माझ्या बहिणीच्या मुलालाही मिळालं. मग मी वर्गाकडे वळून विचारायचे, "मग ही मुलं एकमेकांची कोण?" कुणी मावस म्हणायचं, कुणी चुलत. मी फळ्यावर खडू आपटून सांगायचे, "रेशनकार्डावर काहीही लिहा. रक्ताने ही सख्खी भावंडं!" पोरं हरखून जायची. मला वाटायचं, निसर्गाने माझ्या धड्यासाठी आमचं घर मुद्दाम मांडून ठेवलंय.

बहिणीचा मुलगा अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या पायांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. आधी आम्ही त्यालाच ओरडलो. दिवसभर माडांच्या आळ्यांतून धावणार, कुठेतरी धडपडणार आणि सांगणार नाही. मग एके दिवशी जेवताना त्याच्या नाकातून रक्त आलं ते भाताच्या ताटात पडलं आणि थांबेचना. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, चेहरा पाडला आणि मुंबईला न्यायला सांगितलं. बहीण, तिचा नवरा आणि मी असे मुलाला घेऊन गेलो. माझा नवरा गॅरेजसाठी मागे राहिला. मी गेले कारण मी शिकलेली, डॉक्टर काय म्हणतात ते मला कळणार म्हणून.

मला कळलं, तोच तर घोळ झाला.

डॉक्टर शांत आणि सरळ बोलणारे होते. हाडांच्या आतला मगज रक्त तयार करतो, त्याने या मुलात काम थांबवलंय, असं त्यांनी सांगितलं. दिराला मघाशीच कागद घेऊन खाली खिडकीवर पाठवलं होतं, त्यामुळे खोलीत आम्ही दोघी बहिणीच होतो. डॉक्टरांनी विचारलं, "याला सख्खं भावंड आहे?"

बहीण म्हणाली, "नाही, एकटाच."

"असतं तर बरं झालं असतं. सख्ख्या भावंडाचा मगज जुळायची शक्यता चारात एक असते. जुळला तर यासारखा दुसरा उपाय नाही. मावस, चुलत सहसा जुळत नाहीत. मग आपण औषधावर सुरुवात करू, आणि नोंदणी केलेल्या लोकांत कुणी जुळतंय का ते बघू." असं म्हणून त्यांनी पहिल्यांदा आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे नीट बघितलं आणि त्याही वेळी ते जरा हसले. "तुम्ही जुळ्या का?"

मी म्हणाले, "हो."

ते थांबले. खरंच थांबले. पुढचं वाक्य बोलायला मला नेहमी तेवढीच जागा लागायची. मी वर बघितलं. पंख्याच्या पात्यांवर धूळ बसली होती, ती मला आजही दिसते. बहीणही काही बोलली नाही. डॉक्टरांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली.

तिला हे कळलंच नसणार, असं मी धरून चालले. ती दहावीनंतर शिकली नाही, तिला काय ठाऊक डबे आणि वर्तुळं. दोघे भाऊ तर इंजिनापलीकडे कशाचाच विचार करत नाहीत. म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांत जाणणारी मी एकटी, आणि मी बोलले नाही तर कुणाला काही कळणार नव्हतं.

मुलाला तिथेच ठेवून घेतलं. बहीण आणि तिचा नवरा त्याच्यापाशी राहिले, मी शाळेसाठी परत आले. गाडीत खिडकीशी बसून मी स्वतःला समजावत होते. माझी मुलगी चौदा वर्षांची. तिला भूल देणार, कमरेच्या हाडात सुया घालणार. देणाऱ्याला फारसा धोका नसतो, चार दिवसांत तो हिंडूफिरू लागतो, हेही मला माहीत होतं. पण दुसऱ्याच्या मुलीचं असतं तर मी हे ठणकावून सांगितलं असतं. माझी एकच आहे आणि दुसरी होणार नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

भीतीच होती असं म्हटलं तर निदान माणसाला शोभेल तरी. पण नुसती भीती नव्हती. घरी पोचले तेव्हा सासूबाई पडवीत बसून रडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "येकुलता येक नातू माझा. देवाला दुसरा कोण गावला नाय?"

घरात दुसरं लेकरू एकच होतं, आणि ते त्याच वेळी आजीसाठी तांब्यातून पाणी घेऊन येत होतं. म्हाताऱ्या माणसाचं दुःखातलं बोलणं, ते मनावर घ्यायचं नसतं, हे मला समजायला हवं होतं. मी घेतलं. वाटलं, पहिला आंबा नातवाला, माशाची मधली तुकडी नातवाला, आता माझ्या पोरीच्या हाडातलंही त्यालाच द्यायचं का? असा विचार मी केला. त्या मुलाला मी न्हाऊ घातलं होतं, त्याचा पहिला दात मी बघितला होता. आणि मी माशाच्या तुकड्यांचा हिशेब मनात आणला. हे लिहिताना कान तापतात.

आणि मन टोचायला लागलं की मी म्हणायचे, ती माझ्या जागी असती तर तिनेही हेच केलं असतं. आम्ही दोघी आतून-बाहेरून एकच. या वाक्यावर मी अकरा दिवस काढले.

बहीण रोज संध्याकाळी फोन करायची. आज रक्त चढवलं, आज ताप होता, आज त्याने अर्धी पोळी खाल्ली. मग दरवेळी विचारायची, "पोरगी कशी हाय?" मी म्हणायचे, बरी आहे. त्यानंतर ती थोडा वेळ गप्प असायची. मला वाटायचं रेंज गेली. मी दोनदा "हॅलो, हॅलो" करायचे आणि ठेवून द्यायचे.

त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात आनुवंशिकतेचा धडा आला. धडे काही माझ्या सोयीने येत नाहीत. माझी मुलगी त्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. मी वाटाण्याची रोपं शिकवली, उंच आणि बुटकी, सगळं शिकवलं आणि पुस्तक मिटलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, दहावीच्या मुली म्हणत होत्या, तुम्ही तुमचं जुळ्यांचं उदाहरण देता. ते राहिलं."

मी म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही. बस खाली."

मी ज्या शिक्षिकांना आयुष्यभर नावं ठेवली, त्यांचं हे वाक्य होतं. मी फळा पुसायला वळले. फळ्यावर पुसायला फारसं काही नव्हतं. परत वळले तेव्हा माझी मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

घरी आल्यावर तिने दप्तरही ठेवलं नाही. मी मागच्या दारी कोलंबी सोलत होते. ती समोर येऊन उभी राहिली. "आई, तू आज ते का नाही शिकवलंस?"

"वेळ नव्हता."

"दहा मिनिटं उरली होती." मग तिने हळू आवाजात विचारलं, "तो माझा सख्खा भाऊ आहे ना? तूच लहानपणापासून सांगतेस."

मी कोलंबी सोलत राहिले. हात थांबवला असता तर वर बघावं लागलं असतं.

"मग डॉक्टरांना तू सांगितलंस का?"

मी पुढची कोलंबी उचलली. तिला उत्तर मिळालं. माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर मी त्याआधी राग बघितला होता, रुसवा बघितला होता. त्या दिवशी जे बघितलं ते वेगळं होतं. तिला माझ्यासाठी लाज वाटत होती. आईबापांनी मुलांना मान खाली घालायला लावू नये म्हणतात. मी लावली.

"मला तपासायचंय," ती म्हणाली. "बाबांना तू सांगतेस की मी सांगू?"

नवरा गॅरेजातून आला तेव्हा मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तो हात धुवायचा थांबला, ग्रीस तसंच. "ह्या तुला आज सुचला?" त्याने विचारलं. ओरडला नाही, नुसतं विचारलं. मी तोंड उघडलं आणि माझ्या आधी मुलगीच बोलली.

"आज वर्गात धडा शिकवताना सुचलं तिला, बाबा. शिकवता शिकवता एकदम थांबली. मी होते ना वर्गात."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. त्याने तसाच काळ्या हाताने भावाला फोन लावला.

पुढचं सगळं झरझर झालं. नवरा मुलीला घेऊन मुंबईला गेला. दोघे नवरे शेजारी उभे राहिल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, अहो, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? तपासणीत ती पूर्ण जुळली. चारात एक, आणि ती एक आमच्या वाट्याला आली. मुलगी चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या आवारात वडापाव मागत होती. मुलाचे पुढचे महिने फार कठीण गेले, ताप, तोंडात फोड, केस गेले. पण त्याचं रक्त त्याच्या अंगात परत तयार व्हायला लागलं. आता तो माडांच्या आळ्यांतून पुन्हा धावतो आणि धडपडतो, आणि कुणी ओरडत नाही.

खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली. मुलीने बापाला सांगितलेलं खोटं गावभर झालं. शिकवता शिकवता बाईंच्या डोक्यात लख्ख पडलं आणि पोराचा जीव वाचला. सासूबाईंनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि येईल त्याला सांगत सुटल्या, "माझ्या सुनेन् वाचवलान् त्याला." मासळीवाली कोयता खाली ठेवून माझ्या पाया पडायला निघाली. आणि शाळेने सत्कार ठेवला. मी नको म्हणाले, पण सत्काराला नको म्हणायची पद्धतच असते, म्हणून कुणी ऐकलं नाही. मुख्याध्यापकांनी विज्ञान जगणारी शिक्षिका असं काहीतरी भाषण केलं. मी शाल घेतली, श्रीफळ घेतलं, फोटोसाठी उभी राहिले. समोर नववीचा वर्ग बसला होता आणि तिसऱ्या रांगेत माझी मुलगी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. तिच्या टाळ्या मला ऐकवेनात. घरी येऊन मी ती शाल कपाटाच्या तळाशी टाकली.

त्या वर्षी भाऊबीजेला मुलीने त्याला ओवाळलं. पाटावर बसलेल्या मुलाच्या डोक्यावर नुकतेच मऊ केस आले होते, त्यावर त्याने टोपी घालायला नकार दिला, मग सासूबाईंनी रुमाल टाकला. जेवणं झाली, मंडळी आडवी झाली. बहीण पडवीत मशीनवर बसली होती. मला म्हणाली, "इकडे ये गो. माप घेते तुझा."

आयुष्यात पहिल्यांदा ती माझं माप घेत होती. हॉस्पिटलच्या महिन्यांत ती इतकी वाळली होती की तिच्या अंगावर माझा ब्लाउज बसत नव्हता. तिने टेप माझ्या दंडाभोवती घातली आणि ते बारीक झालेले हात बघून मला राहवेना.

मी म्हणाले, "मला वर्गात सुचलं नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मुद्दाम गप्प बसले."

ती टेप वाचत होती. "म्हायती हाय," म्हणाली. खडूने कापडावर आकडा मांडला. "डॉक्टरांनी विचारला तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. तू पंख्याकडे बघीत होतीस."

"म्हणजे तुला कळत होतं?"

"अगो, तूच नाय का शिकवलास मला? तो पोटात होता तेव्हा. चार वाट्या मांडून शिकवला होतास, खिडकीत बसून."

मला आठवलं. दोन वाट्या तांदळाच्या, दोन कुळथाच्या. त्या वेळीही मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

"मग तू का नाही बोललीस? तुझा मुलगा..."

तिने टेप गळ्यात टाकली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी सुटले असते. "मी बोलले असते तर तुला नाय म्हणायला जागा राहिली असती का? घरात, गावात, कुठेच नाय राहिली असती. पोर तुझी. तिच्या हाडात सुई घालायची का नाय ता तू ठरवायचा. म्हणून म्हटला, संकष्टीपर्यंत थांबूया. तोपर्यंत ती आपणहून बोलली तर बोलली. नायतर संकष्टीचा उपास सोडायच्या आधी तुला फोन लावून रडणार होते. घरचा फोन आला तेव्हा दोन दिवस राहिले होते."

संध्याकाळच्या फोनमधली ती गप्प जागा म्हणजे काय होती ते मला तेव्हा कळलं. रेंज कधीच गेली नव्हती. ती रोज मला बोलायला वेळ देत होती, आणि मी "हॅलो, हॅलो" करून ठेवून देत होते.

अकरा दिवस मला वाटत होतं, माझ्या मुलीला जपणारी जगात मी एकटी आहे. तेच अकरा दिवस मुंबईत रक्ताच्या पिशवीखाली बसून माझी बहीण माझ्याच मुलीला जपत होती, स्वतःचा मुलगा पणाला लावून. आणि मी म्हणत होते, ती माझ्या जागी असती तर तिनेही हेच केलं असतं.

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं आणि मग म्हणाली, "हात वर कर, बगलेतला माप राहिला."

यंदा नववीला मी ते उदाहरण पुन्हा घेतलं. चार वर्तुळं काढली, लाल आणि निळी, आणि सांगितलं, रक्ताने ही सख्खी भावंडं. तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, मग तुम्ही आणि तुमची बहीण अगदी एकसारख्या?"

मी नाही म्हणाले. पुस्तकाप्रमाणे ते उत्तर चूक आहे, पण त्याने लगेच वहीत लिहून घेतलं आणि मी त्याला खोडायला सांगितलं नाही.